नदीतील मासेमारी : गळ टाकण्याआधी पाणी ओळखा
(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)

नदीकाठच्या कोणत्याही गावात दोन प्रकारची माणसं आपल्याला दिसतात. एक जण सकाळी गळ घेऊन काठावर बसतो, ऊन डोक्यावर येईपर्यंत बसतो आणि रिकामी पिशवी घेऊन घरी जातो. दुसरा येतो, थोडा वेळ काठानं हिंडतो, एक जागा धरतो आणि तासा-दीड तासात घरच्या कालवणापुरते मासे काढून उठतो. लोक म्हणतात, त्याचा हातगुण चांगला. मंडळी, हा हातगुण नव्हे. त्या माणसाला पाणी वाचता येतं. जसं माती हातात घेऊन वाफसा आला की नाही हे आपण सांगतो, तसंच पाणी पाहून मासा कुठं असेल हे सांगता येतं. हे कोणालाही शिकता येण्यासारखं आहे. कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा या आपल्या भागातल्या नद्या डोळ्यांसमोर ठेवून आज आपण त्याचाच विचार करू. दुसरीही एक गोष्ट सांगायची आहे. नदीत मासा टिकला तरच या कसबाला अर्थ आहे. तो कसा टिकेल, तेही शेवटी पाहू.

मासा राहतो कुठं?

माशाला तीन गोष्टी लागतात : खाणं, आसरा आणि श्वासासाठी पाण्यात विरघळलेली हवा. या तीन गोष्टी जिथं एकत्र येतात तिथं मासा असतो. नदीचं सगळं पात्र सारखं नसतं. कुठं खळाळ असतो, कुठं डोह, कुठं वळण. जोराच्या धारेत मासा फार वेळ राहत नाही, कारण तिथं त्याला सारखं पोहत राहावं लागतं. पण धारेबरोबर किडे, दाणे, झाडावरून पडलेली फळं वाहत येतात. म्हणून मासा धारेच्या कडेला, जिथं वेगाचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासतं, तिथं थांबतो आणि वाहत आलेलं टिपतो. पाण्यावर फेसाची किंवा पाल्याची एक रेघ सरकताना दिसते, तीच ही जागा.

यांखेरीज आणखी जागा लक्षात ठेवा. मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाला पाणी संथ असतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला नदी काठ कापते, तिथं पाणी खोल असतं. जिथं ओढा नदीला मिळतो, तिथं नवं पाणी आणि नवं खाणं येतं. करंज, उंबर, जांभूळ अशी झाडं पाण्यावर वाकलेली असतील तर खाली सावली असते आणि वरून फळं व किडे पडतात. उन्हाळ्यात नदी आटली की मासा डोहाला जातो. म्हणून चैत्र-वैशाखात, नदी आटलेली असताना, एकदा नुसतं पात्र पाहून या. डोह कुठं, खडक कुठं, बुडालेलं झाड कुठं, हे तेव्हाच दिसतं. पुढं पाणी वाढल्यावर ही माहिती वर्षभर कामाला येते आणि गळही अडकून तुटत नाहीत.

कोणता मासा काय खातो?

माशाचं तोंड पाहिलं की तो कुठं चरतो हे कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात राहतो. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला असतं, तो तळाचा गाळ उकरतो. हे तिन्ही मासे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. आपल्याकडे जलाशयांत त्यांचं बीज सोडलं गेलं आणि ते नद्यांतही दिसू लागले. तेव्हा गळ किती खोल सोडायचा हे माशावर ठरतं. मृगळासाठी आमिष तळाला टेकलं पाहिजे आणि रोहूसाठी तळापासून थोडं वर.

मरळ हा शिकारी मासा आहे. तो काठाच्या गवतात, लव्हाळ्यात दबा धरून बसतो आणि बेडकी, लहान मासे खातो. तो मधून मधून वर येऊन हवाही घेतो, त्यामुळं त्याची जागा लपत नाही. शिंगाळा मिशांचा मासा. तो खोल पाण्यात तळाला राहतो आणि अंधार पडल्यावर चरायला निघतो. वाम दगडांच्या सांदीत दडलेली असते, तीही रात्रीचीच. या दोघांना गांडूळ, झिंगा असं वासाचं आमिष लागतं. चिलापी मात्र काहीही खाते आणि काठाजवळच सापडते. नवशिक्यानं हात बसवायला चिलापीपासूनच सुरुवात करावी.

वेळ कोणती साधावी?

उन्हाळ्यात वाहत्या पाण्यात पहाटे आणि दिवस मावळताना मासा चरतो, भर दुपारी तो खोल पाण्यात जाऊन स्वस्थ राहतो. थंडीत उलट. पाणी गार असलं की माशाची भूक मंदावते. म्हणून पौष-माघात ऊन चढल्यावर, दहा-अकरानंतर बसावं. साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. शेवाळ रात्रभर पाण्यातला प्राणवायू वापरतं. त्यामुळं सूर्य उगवायच्या आधी तिथं प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासा सुस्त असतो. अशा ठिकाणी ऊन पडल्यावर जा. पावसानं पाणी नुकतंच गढूळ होऊ लागलं असेल तर मासा काठाकडे येतो. त्याला नजरेनं दिसत नाही, तेव्हा वासाचं आमिष लावावं.

सामान थोडं, पण नीट

महागडी काठी हवीच असं नाही. आठ-दहा फुटांचा सरळ, वाळलेला वेळू पुरतो. दोरी नायलॉनच्या तंगूसाची. लहान माशाला पाव मिलिमीटर जाडीचा तंगूस चालतो, किलो-दोन किलोच्या माशाला थोडा जाड घ्यावा. गळाचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तो गळ लहान. लहान माशांना १० ते १२ नंबरचा गळ आणि रोहू-मृगळाला ४ ते ६ नंबरचा ठीक पडतो.

मासा गळाला लागून सुटला, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. निम्म्या वेळा दोष गळाच्या टोकाचा असतो. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढून पाहा. टोक नखावर अडकलं तर गळ धारदार, घसरलं तर बोथट. बोथट गळ बारीक कानशीनं घासून घ्या. दुसरा दोष गाठीचा. तंगूसाला साधी गाठ मारली की ती घसरते. गळाच्या डोळ्यातून दोरी काढून ती स्वतःभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा, टोक पहिल्या फासातून ओवा, गाठ तोंडातल्या थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करा आणि मग हळूहळू आवळा. कोरडी गाठ जोरानं आवळली तर घर्षणानं तंगूस तिथंच कमजोर होतो.

पाण्याची खोली मोजण्याची सोपी युक्ती अशी. गळाला शिशाचा तुकडा लावून पाण्यात सोडा. वरचं बूच बुडालं तर पाणी खोल आहे, बूच वर सरकवा. बूच आडवं पडलं तर दोरी जास्त झाली, बूच खाली घ्या. बूच उभं राहून नुसतं टोक दिसू लागलं की खोली जमली.

आमिष आणि चारा

घरच्या घरी चांगलं आमिष होतं. गव्हाची कणीक घट्ट मळा, तीत भाजून कुटलेली शेंगदाण्याची पेंड घाला. कणीक पाण्यात सुटते, म्हणून मळताना थोडा पिंजलेला कापूस मिसळा, गोळा गळावर टिकून राहतो. गोळा हरभऱ्याएवढा पुरे. गांडूळ लावताना त्याचं शेपटाकडचं टोक मोकळं ठेवा, ते वळवळलं की मासा ओढला जातो.

जागा ठरली की तिथं तीन-चार दिवस रोज एकाच वेळेला मूठभर पेंड आणि भिजवलेला कोंडा मातीत कालवून त्याचे गोळे टाका. जनावरं जशी दावणीच्या वेळेला आपोआप गोठ्याकडे वळतात, तसे मासेही त्या जागी येऊ लागतात. पण चारा बेताचा टाका. पोट भरलेला मासा गळाकडे ढुंकून पाहत नाही.

काठावर कसं वागावं?

माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. त्या रेघेनं त्याला पाण्यातली हालचाल आणि धक्के कळतात. आपण काठावर धपाधप पावलं टाकली की ती बातमी पाण्यात पोचते. हळू चाला, खाली बसा. सूर्य पाठीशी असेल तर तुमची सावली पाण्यावर पडते, तेव्हा जागा बदला. अंगावर पांढरंशुभ्र धोतर-सदरा असण्यापेक्षा मातकट कपडे बरे.

बूच नुसतं थरथरत असेल तर लहान मासे आमिष कुरतडत आहेत, घाई करू नका. बूच एकदम आडवं झालं तर तळाच्या माशानं आमिष उचललं आहे. बूच सरळ खाली गेलं किंवा एका बाजूला चालू लागलं की मनगटानं काठीला एक छोटा झटका द्या. काठी खांद्यावरून भिरकावू नका, त्यानं माशाचं तोंड फाटतं आणि मासा जातो. मोठा मासा लागला तर ओढाओढ करू नका. काठी उभी धरा, दोरी ताठ ठेवा, तो पळेल तसा काठीला वाकू द्या. तो दमला की कडेच्या उथळ पाण्याकडे वळवा आणि हातजाळीनं खालून उचला. दोरी हाताला गुंडाळून मासा ओढू नका, तंगूस मांस कापतो.

शिंगाळा, शिंगी, मांगूर यांच्या परांना काटे असतात. शिंगीचा काटा फार दुखतो. काटा लागला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका कमी होतो. मग दवाखान्यात दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

आता मुख्य गोष्ट : चढणीचे मासे

मृगाचा पाऊस पडला, ओढ्याला पहिलं लाल पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. ओढ्यात, नाल्यात, भातखाचराच्या बांधापर्यंत येतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो. तेव्हा गावचं गाव कंदील, काठ्या, टोपल्या घेऊन निघतं. मासा धरायला कसब लागत नाही, तो हातात येतो. पण मंडळी, तो वर का चढतो? अंडी घालायला. उथळ, ताज्या, प्राणवायूनं भरलेल्या पाण्यात पिल्लं जगावीत म्हणून.

रोहू-मृगळासारख्या एक किलोच्या मादीच्या पोटात लाखाहून जास्त अंडी असतात. धरून चालू की हजारात एकच पिल्लू मोठं झालं. तरी एका मादीमागे शंभर मासे होतात. प्रत्येक मासा अर्धा किलोचा झाला तरी पन्नास किलो. म्हणजे जूनमध्ये आपण एक किलोचा मासा टोपलीत टाकला, तेव्हा पुढच्या वर्षीचे पन्नास किलो आपणच खाऊन बसलो. बियाण्याची कणगी फोडून भाकरी करणारा शेतकरी कुणी पाहिला आहे का? चढणीच्या माशांचं तेच आहे.

म्हणून पावसाळ्याचे पहिले दोन महिने गळ-जाळं आढ्याला टांगून ठेवा. तेव्हा शेतातही कामं असतातच. ओढ्याचं तोंड जाळ्यानं किंवा कूड घालून पूर्ण अडवू नका. पोट फुगलेली मादी गळाला लागली तर हात ओले करून हलकेच सोडून द्या. मरळाचं जोडपं पिल्लं राखतं. लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर खालीवर होताना दिसला की खाली नर-मादी असतात. त्यांना त्या वेळी मारलं तर तो सगळा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

जाळं वापरत असाल तर आस पाहून घ्या. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. मच्छरदाणीच्या कापडानं किंवा अगदी बारीक आसाच्या जाळ्यानं बोटाएवढी पिल्लं गोळा होतात. ती ना धड कालवणाला, ना बाजाराला. मोठ्या आसाचं जाळं लहान माशाला वाढायला सोडतं आणि आपल्याला वजनदार मासा देतं.

चिलापीला मात्र ही सूट देण्याची गरज नाही. १९५२ साली ती बाहेरून भारतात आणली गेली. ती झपाट्यानं वाढते आणि इथल्या माशांचं खाणं खाते. ती हवी तेवढी धरा. आणि आफ्रिकन मांगूर कुणी पाळायला किंवा नदीत सोडायला दिला तर घेऊ नका. तो इतर मासे फस्त करतो. केंद्र सरकारनं २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली आहे.

वीज, विष आणि सुरुंग

काही ठिकाणी पोरं मोटारीच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडतात. यात मासे मरतात, पिल्लं मरतात आणि कधी माणूसही मरतो. ओल्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला सुटायला वेळच मिळत नाही. आपल्या मोटारीच्या पेटीला कुलूप लावा आणि घरच्या पोरांना हे स्पष्ट सांगा. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानुसार गुन्हा आहे. विष घातलेल्या डोहाचं पाणी खालच्या गावची गुरं पितात, बायाबापड्या भरतात, हेही विसरू नका.

आणि एक विष आपल्या हातून नकळत जातं. फवारणी झाली की पंप नदीत किंवा ओढ्यात धुतला जातो. सायपरमेथ्रीनसारखी औषधं माशाला अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. पंप शेतातच, पाण्यापासून लांब, पडीक जागेत धुवा. रिकामे डबे पाण्यात टाकू नका. कारखान्याची मळी नदीत आली तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तोंड वर काढून तडफडतात. असे आयते मासे गोळा करून खाऊ नका, विकू नका. ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

जिवाची काळजी आधी

धरणातून पाणी सोडण्याची सूचना मिळाली, भोंगा वाजला किंवा पाणी एकाएकी गढूळ होऊन चढू लागलं, तर सामान सोडून आधी वर या. नदीच्या मधल्या खडकावर बसून गळ टाकू नका. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे काढताना आणि त्यानंतर खालच्या अंगाला भोवरे असतात, तिथं उतरू नका. फेकजाळ्याची दोरी मनगटाला पक्की बांधू नका, झटक्यात सुटेल असा फास ठेवा. जाळं खडकात अडकलं तर दोरी सोडता आली पाहिजे. एकट्यानं रात्री जाऊ नका.

जलाशयात आणि बंधाऱ्याच्या साठ्यात मासे धरण्याचा हक्क बहुधा ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी विचारा. नदीवरच्या भोई आणि कोळी कुटुंबांची चूल त्याच पाण्यावर पेटते. त्यांच्याशी भांडण नको, उलट त्यांच्याजवळ बसा. जाणत्या भोयाजवळ चार संध्याकाळ बसून जे कळेल ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

काही डोह तर लोकांनीच राखलेले आहेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले मासे देवाचे मानतात, त्यांना कोणी धरत नाही. आपल्या गावच्या हद्दीतला एखादा खोल डोह ग्रामसभेत ठराव करून असाच राखता येईल. उन्हाळ्यात नदी आटल्यावर मासे तिथं तग धरतील आणि पाऊस पडताच तिथूनच सगळ्या पात्रात पसरतील. बियाण्याचा राखीव वाफा असतो, तसा हा माशांचा वाफा.

ध्यानात ठेवा :

१. धारेची कड, डोह, वळण, ओढ्याचं तोंड आणि झाडाची सावली या माशाच्या जागा.
२. माशाचं तोंड पाहून गळाची खोली ठरवा.
३. गळ नखावर तपासा, गाठ ओली करून आवळा.
४. चारा रोज, एकाच वेळी, बेतानं टाका.
५. चढणीचे मासे आणि पिल्लं राखणारा मरळ धरू नका.
६. वीज, विष, सुरुंग यांना गावात थारा देऊ नका. फवारणीचा पंप नदीत धुऊ नका.
७. पाणी चढू लागलं की आधी काठावर या.

मृग तोंडावर आला आहे. ओढ्याला पाणी येईल तेव्हा घरातली पोरं टोपली घेऊन निघतील. त्यांना रागावू नका, त्यांच्याबरोबर जा. मासा वर का चढतो आहे ते त्यांना काठावर उभं करून दाखवा आणि दिवाळीनंतर त्यांच्या हातात गळ द्या. तोवर नदीही भरलेली असेल आणि तिच्यात मासाही असेल.